माळरानावर खड्डे घेण्यापूर्वी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाच्या संकल्पांच्या बातम्या सुरू होतात; २०१९ साली तर राज्याने ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. झाडे लावण्यास कोणाचाच विरोध असू नये. परंतु मोकळ्या जागेचा शोध सुरू झाला की नजर पुरंदर, इंदापूर, माण, खटाव अशा पर्जन्यछायेतील तालुक्यांच्या माळरानांकडे वळते आणि तेथे आधीपासून कोण राहते याची विचारपूस सहसा होत नाही.

रान वटवट्या हा तेथलाच रहिवासी. जेमतेम १५ सेंटिमीटरचा, त्यातही शेपटीचा वाटा मोठा असलेला हा मातकट पक्षी बोरीच्या किंवा तरवडाच्या शेंड्यावर बसून एकच बोल न थकता घोळवीत राहतो, तेव्हाच काय तो नजरेस पडतो. एरवी झुडपाच्या बुडाशी शिरून किडे-अळ्या टिपत असतो. पाऊस पडून गवत वर आले की काटेरी झुडपात, जमिनीपासून फार उंच नाही अशा जागी, तो गवताच्या पात्यांचे गोलसर, बंदिस्त घरटे विणतो आणि आत जाण्याची वाट बाजूने ठेवतो. झुडपाला हात लावून वाकून पाहिल्याखेरीज ते दिसत नाही. रोपांसाठी जागा साफ करताना इतके वाकून पाहण्याची सवड कोणाला असणार?

खरी अडचण वेळेची आहे. खड्डे उन्हाळ्यात घेतले जातात, त्या वेळी गवत वाळलेले असते आणि माळ उजाड वाटतो; रोपे लावली जातात ती मात्र ऐन विणीच्या दिवसांत. पुढे गिरिपुष्पासारखी झाडे दाटली की सावलीत कुसळी, पवन्या ही गवते मागे हटतात, त्यांवर जगणारे नाकतोडे कमी होतात आणि वटवट्याचे अन्नही आटते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ ‘पडीक’ म्हणूनच मोजला जातो, त्यामुळे कागदोपत्री यात कोणाचे काही बिघडल्याचे दिसत नाही. (मेंढपाळांना विचारल्यास ते वेगळे सांगतील.)

म्हणून वनविभागाने आणि ग्रामपंचायतींनी माळरानावरील लागवडीस मंजुरी देण्यापूर्वी तेथील पक्ष्यांची पाहणी जुलै ते सप्टेंबर या काळात करावी आणि जेथे वीण आढळेल तो माळ वगळून रोपे रस्त्याकडेला, शेताच्या बांधांवर व गावठाणात लावावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक