हिमयुगाची सुरुवात उन्हाळ्यात होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अटलांटिकमधला उष्ण प्रवाह थांबला तर नवे हिमयुग येईल, अशा आशयाचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. प्रवाहाची काळजी रास्तच आहे. हिमयुग मात्र असे येत नाही.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या जेम्स क्रॉल यांनी पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांशी हिमयुगांचा संबंध जोडला. (ग्लासगोच्या एका संग्रहालयात ते रखवालदार होते.) त्यांचा भर कडक हिवाळ्यावर होता आणि गाडी तिथेच अडली. पुढे सर्बियाचे मिलुटिन मिलांकोविच यांनी, हवामानशास्त्रज्ञ कोपेन यांच्या सल्ल्याने, उन्हाळ्याकडे पाहिले. उत्तरेत हिवाळ्यात बर्फ पडायचाच. तो उन्हाळ्यात वितळतो का, हा खरा प्रश्न. ६५ अंश उत्तर अक्षांशाजवळ उन्हाळ्याचे ऊन कमी पडले की जुना बर्फ उरतो, त्यावर नवा साचतो, पांढरी जमीन ऊन परतवते आणि गारठा आपोआप वाढत जातो. हे ऊन बदलते ते आसाचा कल (सुमारे ४१ हजार वर्षांचे चक्र), आसाचे भोवऱ्यासारखे डोलणे आणि कक्षेचा लांबटपणा यांमुळे. दक्षिण हिंदी महासागराच्या तळाशी साचलेल्या गाळात या चक्रांच्या खुणा सापडल्याचे १९७६ साली प्रसिद्ध झाले.

मागचे हिमयुग सुमारे १ लाख १५ हजार वर्षांपूर्वी सुरू झाले, तेव्हा बर्फ साचत असतानाही उत्तर अटलांटिक बराच उबदार होता, असे गाळच सांगतो. गंमत बघा, बर्फाला लागणारे बाष्प त्या उबेनेच पुरवले! महासागराचे दुसरे काम संथ आहे, कार्बन खोल पाण्यात कोंडण्याचे. हिमयुग ऐन भरात असताना हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात १९० भागांच्या आसपास उतरला होता. उद्योगपूर्व काळात तो २८० होता.

प्रवाह मंदावल्याचा दाखलाही आहे. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी, हिमयुग ओसरत असताना, उत्तर अटलांटिकचा परिसर हजारेक वर्षे पुन्हा गारठला. वितळत्या बर्फाचे गोडे पाणी समुद्रात शिरल्याने प्रवाह मंदावला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच काळात अंटार्क्टिका तापत होता. म्हणजे उष्णतेची वाटणी बिघडली. हिमयुग ओसरायचे ते ओसरलेच.

आजही उत्तरेचा उन्हाळा पृथ्वी सूर्यापासून दूर असतानाच येतो. पण सध्या कक्षा जवळपास वर्तुळाकार असल्याने उन्हातली तूट थोडी आहे, आणि कार्बन डायऑक्साइड ४२० भागांच्या वर गेला आहे. इतक्या उबेत उन्हाळ्यानंतर बर्फ उरणार कुठून?

आपला,
एक नियमित वाचक