टी-रेक्सला आवाज परत देणाऱ्या घड्याळवाल्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, म्हणून तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, ती वाचून दाखवेल. समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "जाऊ दे रे" म्हणून दुसरं घड्याळ उघडता. तेव्हा हे असं चारचौघांत.

रावपुऱ्यात तुमच्या टेबलावर मी तो लाल टी-रेक्स, म्हणजे खेळण्यातला डायनोसॉर, ठेवला तेव्हा दुकानातल्या गिऱ्हाइकांना हसू आवरेना. १९९३ साली 'ज्युरासिक पार्क' आला, त्याच वर्षी केनर कंपनीने काढलेला हा मोठा, रबरी कातडीचा. कुशीवरचा तुकडा काढला की आतलं मांस आणि बरगड्या दिसतात. जुन्या मालाच्या एका विक्रेत्याने "एकदम चालू" म्हणून माझ्या गळ्यात मारलेला. गर्जना सोडाच, हूं की चूं नाही. एवढ्या मोठ्या बाप्याला खेळणी कशाला, हे बडोद्यात मला सगळ्यांनी विचारून झालंय. तुम्ही फक्त विचारलंत, "ओरडतो कुठून, पोटातून की तोंडातून?"

मग डोळ्याला भिंग लावलंत. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने डबीच्या झाकणात मांडलेत. सेल गळून पत्र्यांवर थर साचला होता. तो कापसाच्या काडीवर लिंबाचा रस घेऊन हळूहळू उतरवलात. स्पीकरची एक तार सुटली होती, तिला डाग दिलात. आणि तो ओरडला, तेव्हा मघाशी हसणारेच "परत एकदा, परत एकदा" करायला लागले! पैसे विचारले तर म्हणालात, "सेवउसळ खायला घाल."

मी या सिनेमांतल्या डायनोसॉरांच्या खेळण्यांची समीक्षा लिहितो, हे तुम्हाला नंतर कळलं. रंग कसा, दात कसे, सिनेमातल्यासारखा दिसतो का, बस्स, एवढ्यावरच माझी लेखणी थांबायची. आता खेळणं हातात आलं की आधी उलटं करून पोट बघतो. २०१५ च्या 'ज्युरासिक वर्ल्ड'साठी हॅस्ब्रोने काढलेल्या डायनोसॉरांवर आम्ही संग्राहक अजून तोंडसुख घेतो, कारण अंगावर स्क्रूंची भोकं उघडी दिसतात. तुम्ही त्यातलाच एक हातात घेऊन म्हणालात, "दिसेना का! जो उघडता येत नाही तो माल काय कामाचा?" रंगकामाबद्दल माझं मत बदललेलं नाही, ते भिकारच आहे. पण माझ्या समीक्षेत आता 'उघडतं का?' असा एक रकाना असतो, आणि वाचणारे आधी तोच बघतात.

२०१८ पासून मॅटेल ही खेळणी काढतं. त्यांचे सांधे छान वळतात, पण दोन पायांवर उभे राहणारे काही महिन्यांनी पुढे झुकायला लागतात. तुम्ही एक डायनोसॉर कमरेखाली बोट धरून तोललात. खऱ्या जनावराचं शेपूट पुढच्या धडाला तोलून धरायचं. इथे शेपूट पोकळ, डोकं जड, सगळा भार घोट्यावर. पाय गरम पाण्यात धरून मऊ करायचा, सरळ करायचा आणि तसाच गार पाण्यात बुडवायचा, हा तुमचा उपाय मी लिहिला. चिकट झालेल्या जुन्या कातडीला थिनर लावू नका, साबणाच्या पाण्याने पुसा, हेही लिहिलं. दोन्हींखाली 'काकांकडून' असं लिहिलंय.

परवा तुम्ही विचारलंत, "आपला बालासिनोरचा कुठाय यात?" आपल्या गुजरातेत, बालासिनोरजवळच्या रैयोलीला सापडलेल्या हाडांवरून २००३ मध्ये ज्या डायनोसॉरचं नाव राजासौरस नर्मदेन्सिस ठेवलं, तो. शोधतोय, काका. चांगला घडवलेला हाती लागला की डबा तुमच्या टेबलावरच फोडू. तोवर रविवारी एक मुका रॅप्टर घेऊन येतोय. सेवउसळ माझ्याकडून, तिखट तर्री तुमच्या मर्जीने.

आपला,
डायनोसॉरवाला