दिवेलागणीला जाऊन बघ

कोलंबस, ओहायो
रविवार रात्र

प्रिय दादा आणि वहिनी,

सप्रेम नमस्कार. आईला माझा साष्टांग नमस्कार सांगा.

हे सगळं फोनवर बोलता येत नाही. आई शेजारीच बसलेली असते आणि आपल्याबद्दल चाललंय हे तिला बरोबर कळतं. म्हणून लिहिते.

आईला ठेवायला संस्था बघायला लागलास म्हणून मला तुझा राग आलेला नाही, हे आधी सांगते. नातेवाईक काय म्हणतील ते म्हणू देत. वहिनी, चार वर्षं रात्री दोन-तीनदा उठून तुम्ही तिचं सगळं केलंत. मी दोन वर्षांनी एकदा येणार, महिनाभर राहणार आणि जाताना डोळे पुसणार. त्यामुळे आईला ठेवायचं की नाही, हे मी सांगणार नाही. पण अकरा वर्षं मी अशाच एका संस्थेत, विस्मरणाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या, पेशंटांच्या विभागात काम करतेय. जागा कशी पारखायची, एवढं मला नक्की कळतं.

जागेच्या आधी डॉक्टर. तीन आठवड्यांत आईचं विसरणं एकदम वाढलं, असं तू म्हणालास. अल्झायमर सावकाश चढतो. एकदम वाढलं की दुसरं काहीतरी शोधायचं: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, एखादी नवी गोळी. म्हाताऱ्या माणसाला लघवीच्या संसर्गात ताप येईलच असं नाही, नुसता गोंधळ वाढतो. लघवी, सोडियम, थायरॉइड, बी-१२ एवढं तपासून घे. रिपोर्ट येईपर्यंत कुठेही ॲडव्हान्स भरू नकोस.

इथे अशा संस्थांचे साधारण दोन प्रकार असतात. एकात माणूस आपल्या खोलीत राहतो, आंघोळ, कपडे, औषधं यांना मदत मिळते. दुसरा म्हणजे आमचा विभाग, विसरणाऱ्यांचा. दार आकड्यांच्या कुलपाचं. कोणी ढकलून धरलं तर अलार्म होतो आणि पंधरा सेकंदांनी उघडतं, तेवढ्यात आम्ही पोहोचतो. खर्च महिन्याला पाच हजार डॉलरच्या वर, आणि मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, राहण्याजेवणाचा एक डॉलर देत नाही. घरं विकून लोक इथे राहतात. म्हणजे पैशाने सगळं सुटतं असं इथेही नाही, दादा.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या संस्थेच्या बंगल्याचे फोटो बघितले. बाग छान आहे, देवघर छान आहे. पण ती चकचकीत फरशी बघून मला धस्स झालं. आईसारख्यांना चमकणारी फरशी ओली वाटते. त्या पाय टाकत नाहीत, नाहीतर घाबरून टाकतात आणि पडतात. दारातलं काळं पायपुसणं त्यांना खड्ड्यासारखं दिसतं. फोटोत जेवणाच्या ताटल्या पांढऱ्या आहेत. पांढऱ्या ताटलीतला दहीभात आईला दिसणारच नाही, आणि मग तिथल्या सांभाळणाऱ्या मावशी म्हणतील, आजी जेवत नाहीत. आमच्याकडे एक बाई दोन महिने अर्धपोटी उठत होत्या. लाल ताटली दिली, तेव्हापासून नीट जेवायला लागल्या. तिथे आईसाठी वेगळी ताटली चालेल का, विचार. पलंगावरून संडासाचं दार दिसतं का, तेही बघ. दिसलं तर आठवतं.

आता मुख्य गोष्ट. तुला त्यांनी सकाळी अकराला बोलावलं होतं. अकराला सगळ्याच संस्था चांगल्या असतात. आंघोळी झालेल्या, केस विंचरलेले, कोणीतरी भजन म्हणतंय. तू न कळवता दिवेलागणीला जा. साडेपाच ते साडेसात, दोनदा तरी. आईची घालमेल सुरू होते तीच ही वेळ, अशा बऱ्याच जणांची होते, आणि पाळी बदलायची वेळही साधारण तीच. तासभर नुसता बसून राहा. कोणी 'मला घरी जायचंय' म्हणालं तर मावशी काय म्हणतात, ते ऐक.

आमच्याकडे एक आजी आहेत, आयुष्यभर शाळेची बस चालवलेल्या. तीन वाजले की त्या कोट घालून दाराशी उभ्या राहतात, मुलं खोळंबली असतील म्हणून. नव्या मुलीने एकदा सांगितलं, 'तुम्ही निवृत्त झालात, आता बस नाही.' आजी ओक्साबोक्शी रडल्या. आमच्यातली जुनी बाई आली आणि म्हणाली, 'आज बर्फ पडलाय, शाळेला सुट्टी दिलीय.' आजींनी खिडकीबाहेर बघितलं, कोट काढला, खुंटीला अडकवला आणि कोको मागितला.

आई 'अण्णा आले का?' विचारणार. दिवसातून वीस वेळा. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली हे जिथे तिला प्रत्येक वेळी सांगतील, तिथे तिला ठेवू नकोस. प्रत्येक वेळी तिला ते नव्याने कळतं रे.

आणि ती बुधवारी निघून गेली, ते 'भरकटली' असं वहिनींना कोणी म्हणालं तर पटवून घेऊ नका. दुतोंड्या मारुतीपाशी सापडली तेव्हा हातात रिकामी पिशवी होती ना? गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजाराला निघाली होती ती. चाळीस वर्षं जायची. तिला चालायला जागा लागेल, फिरून परत तिथेच येणारी वाट. नुसतं कुलूप लावलं तर ती दार वाजवत बसेल, आणि मग गोळी सुरू होईल.

गोळीचं नीट विचार. 'शांत राहण्यासाठी काही देता का? कोणाच्या सांगण्यावरून? घरच्यांना विचारून का?' मनोविकाराच्या अशा काही गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा २००५ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे इथल्या औषध खात्याने, त्या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर छापायला लावला. कधीकधी द्याव्या लागतात, मीही बघितलंय. पण माणसं कमी आहेत म्हणून द्यायच्या नाहीत.

रात्री किती मावशी असतात, हे मॅनेजरला विचारू नकोस, मावशींनाच विचार. किती दिवस इथे आहात, तेही विचार. सगळ्याच दोन-तीन महिन्यांच्या निघाल्या तर काहीतरी बिनसलंय. कोण कधी पडलं, याचं रजिस्टर मागून घे. एकही नोंद नाही म्हणाले तर विश्वास ठेवू नकोस, एवढ्या वृद्धांत कोणी ना कोणी पडतंच. आमच्या संस्थेची राज्याचं आरोग्य खातं तपासणी करतं आणि त्याचा अहवाल कोणीही वाचू शकतो. तिथे तुलाच तपासनीस व्हावं लागेल. डिपॉझिट परत कधी, दवाखान्यात नेलं तर सोबत कोण, कोणत्या कारणाने आईला 'घेऊन जा' म्हणतील, हे कागदावर घे.

एक काम मात्र आजच सुरू करू. आईचा कागद. आमच्याकडे प्रत्येकाचा असतो, पलंगाजवळ लावलेला. मी लिहायला घेतलाय: चहा बशीत ओतून, कपाने नाही. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. 'गंगेवर जायचंय' म्हणाली की आंघोळ हवी आहे. बेचैन झाली तर कापूस हातात द्या, वाती वळत बसते. परवा व्हिडिओवर माझं नाव तिला सापडेना, पण बोटं वळतच होती. एकेक वात गुडघ्यावर फिरवून, टोक ओढून, ओळीत ठेवलेली. सतरा मोजल्या मी.

पुढचं मला माहीत नाही, वहिनी, ते तुम्हालाच माहीत. झोपताना दिवा लागतो का तिला? केस कोण विंचरतं, आणि ती कोणाला विंचरू देते? लसणाची चटणी अजून चालते का? लिहून पाठवा, म्हणजे कागद पुरा करते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याचं तिकीट काढलंय. दादा, तोवर ठरवायची घाई नको, एका संध्याकाळी आपण दोघं मिळून जाऊ.

तुमची,
सुमा