आत्याची बाजू आधी लिही

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींबद्दल भूमिका मांडणारा तुझा पोझिशन पेपर काल रात्री कोर्टाच्या फायली बाजूला सारून वाचला. 'विश्वामित्रीतल्या मगरी वाचवल्याच पाहिजेत' या शीर्षकालाच मी अडले. नाही कोण म्हणतंय? समा भागात राहणारी आत्यासुद्धा म्हणणार नाही, आणि तिच्या तर जिन्यात मगर आली होती. तुला जे खरं म्हणायचंय ते तिसऱ्या पानाच्या तळाशी दडून बसलंय: मगरी शहरातून पकडून दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडू नयेत. ते वाक्य उचलून पहिल्या ओळीत ठेव. त्यावर निदान कुणी तरी भांडेल.

आता पुरावा. 'नदीत 440 मगरी आहेत' असं तू ठोकून दिलंयस. 2024 च्या पुराच्या वेळी वर्तमानपत्रांत सुमारे 440 असा आकडा आला होता, त्यातला 'सुमारे' तू गाळलास. सहा वर्षांची असताना कमाटीबागेतल्या पुलावरून तू ओरडून मगरी मोजायचीस, आठवतं? एकदा नऊ मोजल्यास, त्यातले दोन ओंडके निघाले. मोठी माणसंही मोजतात ती अशीच. फक्त रात्री बॅटरी मारून, चमकणाऱ्या डोळ्यांवरून. म्हणून आकडा देताना कुणी, कधी आणि कसा मोजला तेही द्यायचं. आणि 27 ते 29 ऑगस्ट 2024 या तीन दिवसांत 24 मगरी पकडल्या, त्यावरून तू '24च मगरी बाहेर आल्या' असं लिहिलंयस. पकडल्या 24. बाहेर किती आल्या, ते कुणी सांगावं?

कायद्याचा परिच्छेद वाचून तर मी कपाळावर हात मारला. वकिलाची मुलगी तू! 'वन्यजीव कायद्यामुळे मगरीला हात लावता येत नाही' असं कुठे म्हटलंय? 1972 चा कायदा, पहिली अनुसूची (सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी), इथपर्यंत तुझं बरोबर. पण त्याच कायद्याचं 11 वं कलम काढून वाच. प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झालाय अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटली, तर तो कारणं नमूद करून त्याला पकडायची लेखी परवानगी देऊ शकतो. मारायची परवानगी मात्र तेव्हाच, जेव्हा तो पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्यच नसेल. म्हणजे ज्या हलवण्याला तू विरोध करतेयस, त्याला कायद्यात जागा आहे. हे लपवलंस तर समोरचा नेमकं तिथेच बोट ठेवेल. तूच आधी सांग, आणि मग विचार की एक चवताळलेली मगर हलवणं आणि नदीच रिकामी करणं या दोन गोष्टी एक कशा?

मी हे पोळून शिकलेय. वकिलीच्या दुसऱ्याच वर्षी एका अशिलाने सांगितलेली तारीख मी कागद न बघता दाव्यात घातली. समोरच्या म्हाताऱ्या वकिलांनी पंचनामा काढून शांतपणे वाचून दाखवला. दावा पुढे चालला, पण त्या दिवसानंतर माझं प्रत्येक वाक्य जज्जसाहेब दोनदा वाचायचे. तेव्हापासून मी मनातल्या मनात समोरच्याची कैफियत आधी लिहून काढते, आणि चांगली लिहिते, त्याच्या वकिलाला हेवा वाटावा अशी.

ऑस्ट्रेलियाचा दाखला सुंदर आहे. केप यॉर्कमधल्या तीन मगरी हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडल्या, तिन्ही परत आल्या, एक तर 400 किलोमीटरहून जास्त पोहून. वाचून मीही हरखले. पण बाई, त्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी, समुद्रातून लांबवर जाणाऱ्या. आपली विश्वामित्रीतली जात वेगळी. दाखला काढू नकोस, 'जात वेगळी आहे, तरी शंका घ्यायला जागा आहे' एवढंच म्हण. एवढंच म्हटलंस तर कुणी खोडू शकणार नाही.

राहिली आत्या. तुझ्या पेपरात विरोधक एका ओळीत उरकलेत: 'काही लोक घाबरतात.' काही लोक! तू तेव्हा इथेच होतीस. तिच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी, आणि ओसरल्यावर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तीन फुटांचं ते पिल्लू, तोंड उघडं टाकून. वनखात्याच्या पोरांनी डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं आणि जबडा दोरीने बांधला. मगरीच्या जबड्यात आवळायला केवढी ताकद, पण उघडायला फारशी नसते, म्हणून दोरी पुरते. आत्या वरच्या पायरीवर देवांचा डबा छातीशी धरून उभी होती. ती पिल्लाला मारा म्हणाली नाही. 'घेऊन जा हो याला, आणि पुन्हा याच पाण्यात सोडू नका' म्हणाली. त्यांनी सोडलं ते नदीतच.

तिच्या त्या 'पुन्हा सोडू नका'ला तुझ्याकडे काय उत्तर आहे? मला तरी पेपरात सापडलं नाही. कदाचित उत्तर मगरींबद्दल नसेलच, नदीच्या पात्रात आपण काय काय बांधून ठेवलंय त्याबद्दल असेल. ते तू शोध, मी सांगणार नाही. सापडलं नाही तर भूमिका बदल. मला राग येणार नाही, तुझ्या बाईंनाही येऊ नये.

रविवारी आत्याला फोन कर. चारनंतर, त्याआधी ती झोपलेली असते. ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घे, मध्ये वाद घालू नकोस. आणि तिला टेप घेऊन भिंतीवरची पुराची रेघ जमिनीपासून मोजायला सांग. दोनदा रंग दिलाय, तरी ती वर येतेच.

लाडवांचा डबा काकांबरोबर पाठवतेय, खोलीतल्या मुलींना दे.

तुझी,
आई