रोपाची शिदोरी

पुणे, ८ जून

प्रिय सुमे,

तुझं पत्र वाचून जीव हळहळला. टोमॅटोची ४० रोपं बुडाशी बारीक होऊन एकेक करून आडवी झाली म्हणतेस. वर लिहितेस, 'खतात काही कमी केलं नव्हतं गं, अख्खा ट्रे गांडूळखतानेच भरला होता.' अगं, तिथंच घात झाला. मीही पहिल्या वर्षी मिरचीचं बी असंच नुसत्या खतात टाकलं होतं. निम्मं उगवलंच नाही, फार वाईट वाटलं होतं.

बी आपली शिदोरी घेऊनच येतं. पहिली दोन गुळगुळीत पानं म्हणजे तीच. ती पुरेपर्यंत रोपाला बाहेरचं फारसं काही लागत नाही. नुसत्या गांडूळखतात क्षार जास्त, शिवाय ते पाणी धरून बसतं. मुळांना हवा मिळत नाही, सततच्या ओलीने बुरशी येते आणि रोप कोलमडतं. उलट नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, त्या दोन पानांनंतरची खरी पानं फुटायला आणि शिदोरी संपायला एकच गाठ पडते. खाली खायला काही नसतं, रोप पिवळं पडतं.

म्हणून चार वाट्या कोकोपीटला एक वाटी गांडूळखत, बस्स. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांतही १० ते ४० टक्के खत असलेल्या मिश्रणातच रोपं सर्वांत चांगली वाढली होती.

खत मात्र ओलसर आणि सावलीतलं घे. उन्हात वाळून खडखडीत झालेल्या खतातले बरेचसे जीवाणू मेलेले असतात, आणि खरी किंमत त्यांचीच. गांडुळाला दात नसतात. पोटात जणू जातंच असतं, त्यात वाळूच्या कणांबरोबर पालापाचोळा दळला जातो. माझ्या पिंपात अर्धवट कुजलेला पाला, शेण आणि भाज्यांची देठं असतात, वर ओलं गोणपाट. दोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखं काळं, दाणेदार खत होतं. काढण्याआधी चार दिवस पाणी बंद करते. गांडुळं ओल शोधत खाली जातात, मग वरचा थर अलगद काढून चाळते. तेव्हा पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो बघ.

शनिवारी भाऊजी साताऱ्याला येताहेत, त्यांच्याबरोबर दोन किलो पाठवते. पिशवीचं तोंड सैल ठेव. मिरचीचं बी लगेच टाकलंस तर जुलैच्या मध्यावर रोपं लावायला येतील. खरी पानं फुटली की कळव, वाट बघते.

तुझी,
नलू