साक्ष देणे हे ‘वैयक्तिक काम’ कसे?

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी भांडुपला राहते आणि एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचे काम कंत्राटी पद्धतीने करते. गेल्या वर्षभरात एका फौजदारी खटल्यातील साक्षीदार म्हणून मला चार वेळा न्यायालयात जावे लागले आणि या चारही दिवसांपुढे आमच्या हजेरीपुस्तकात ‘वैयक्तिक काम, बिनपगारी’ असा शेरा आहे. शेरा लिहिणाऱ्या सुपरवायझरवर माझा राग नाही. त्यांच्याकडे यासाठी दुसरा रकानाच नाही. परंतु ज्या खटल्यात फिर्यादी सरकार आहे, ज्यातील आरोपी माझ्या ओळखीचा नाही आणि ज्यातील जखमी गृहस्थांना मी त्या सकाळपूर्वी कधी पाहिलेही नव्हते, त्या खटल्यातील माझी हजेरी वैयक्तिक कशी ठरते, हे मला अद्याप समजलेले नाही.

प्रकरण साधे आहे. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सकाळी सव्वासातच्या सुमारास मी लाल बहादूर शास्त्री मार्ग ओलांडत असताना भरधाव आलेल्या मोटारसायकलने एका वयस्कर गृहस्थांना उडवले. मी १०८ क्रमांकावर फोन केला, रुग्णवाहिका येईपर्यंत माझी ओढणी त्यांच्या डोक्याला दाबून धरली आणि नंतर पोलिसांना जबाब दिला. रस्त्यावरील जखमींना मदत करणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून केंद्र सरकारने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंधनकारक केल्या, त्याचा लाभ मला मिळाला असेच म्हणावे लागेल. पोलिसांनी माझा जबाब एकाच बैठकीत घेतला आणि पुन्हा बोलावले नाही. खरा प्रश्न समन्स आल्यानंतर सुरू झाला.

पहिल्या तारखेला दंडाधिकारी रजेवर होते. दुसऱ्या तारखेला आरोपीचे वकील दुसऱ्या न्यायालयात अडकले होते. तिसऱ्या तारखेला सकाळी अकरापासून बाकावर बसून राहिल्यावर दुपारी सव्वाचारला माझ्या नावाचा पुकारा झाला, सरतपास (सरकारी वकिलांनी घेतलेली माझी साक्ष) पूर्ण झाला आणि उलटतपासाला (आरोपीच्या वकिलांच्या प्रश्नांना) पुढची तारीख पडली. चौथ्या तारखेला आरोपीच आला नाही. या प्रत्येक वेळी न्यायालयातील कोणी माझ्याशी उद्धटपणे बोलले असे नाही. पैरवीवरील, म्हणजे खटल्याचे काम पाहणाऱ्या, हवालदारांनी तर एकदा स्वतःच्या डब्यातली चपाती-भाजी पुढे केली. ‘ताई, पुढची तारीख लिहून घ्या’ हे वाक्य मात्र चारही वेळा इतक्या सहजतेने आले, की जणू तारीख पुढे गेल्याने कोणाचेच काही बिघडत नाही.

माझे काय बिघडले ते सांगते. मला दिवसाला साडेसातशे रुपये मिळतात. चार दिवसांचे तीन हजार गेले. महिनाभर एकही खाडा नसेल तरच आम्हाला सहाशे रुपये हजेरी भत्ता मिळतो. चार तारखा चार वेगवेगळ्या महिन्यांत पडल्याने तो चार वेळा बुडाला, म्हणजे चोवीसशे. माझी पाळी साडेतीनला सुटते आणि पाळणाघर साडेचारला बंद होते. ते चालवणाऱ्या काकू माणुसकीने मुलांना थांबवून घेतात, पण त्यांनाही त्यांचे घर आहे. जादा वेळेचे शंभर रुपये त्या घेतात आणि ते योग्यच आहे. तीन वेळा ते द्यावे लागले. ज्या दिवशी काकूच गावी गेल्या होत्या, त्या दिवशी माझ्या यजमानांनी वागळे इस्टेटमधील कारखान्यातून अर्धी रजा घेतली. त्यांचे साडेचारशे कापले गेले. प्रवासाचे आणि रिक्षाचे प्रत्येक खेपेला एकशेवीस. एकूण सहा हजार सहाशे तीस रुपये झाले. आमच्या सात वर्षांच्या मुलीचे आणि अडीच वर्षांच्या मुलाचे मिळून पाळणाघराचे महिन्याचे सहा हजार होतात, म्हणजे एका महिन्याच्या पाळणाघराहून जास्त रक्कम मी साक्ष देण्यासाठी भरली आणि साक्ष अजून पूर्ण झालेली नाही.

साक्षीदाराला मिळणाऱ्या भत्त्याविषयी मी न्यायालयात विचारले नाही असे नव्हे. ‘अर्ज करा, साहेबांना योग्य वाटले तर मंजूर होईल’ असे उत्तर मिळाले आणि ते कायद्याला धरूनच होते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१२ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५० मध्येही, न्यायालयाला योग्य वाटल्यास ते राज्य शासनाच्या नियमांच्या अधीन राहून फिर्यादी आणि साक्षीदार यांचा वाजवी खर्च सरकारने द्यावा असा आदेश देऊ शकते, एवढेच म्हटले आहे. शब्द ‘देऊ शकते’ असा आहे, ‘देईल’ असा नाही. साक्षीदार आला नाही तर मात्र भाषा अशी मोघम नसते. त्याच्यावर वॉरंट निघू शकते. नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ३८९ नुसार त्याला जागच्या जागी पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ खाली सहा महिन्यांपर्यंत साध्या कैदेचीही तरतूद आहे. न आल्याचा दर कायद्याने ठरवला आहे, आल्याचा दर ठरवलेला नाही.

दिवाणी दाव्यात हे असे चालत नाही, हे मला एका परिचित वकिलांनी सांगितले तेव्हा आश्चर्य वाटले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ नुसार ज्या पक्षकाराला साक्षीदार बोलवायचा असेल, त्याने साक्षीदाराचा प्रवासखर्च आणि एका दिवसाच्या हजेरीचा खर्च आधी न्यायालयात भरायचा असतो. म्हणजे जमिनीच्या वादातील सामान्य माणसाकडून कायदा पैसे आगाऊ भरून घेतो आणि जेथे स्वतः सरकार पक्षकार आहे तेथे मात्र साक्षीदाराने अर्ज करून वाट पाहावी अशी अपेक्षा ठेवतो.

माझी नणंद इंग्लंडमध्ये असते. काही वर्षांपूर्वी तिला ज्यूरीच्या, म्हणजे खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाच्या, कामासाठी दोन आठवडे बोलावण्यात आले होते. तिच्या हाती आलेल्या अर्जात बुडालेला पगार, प्रवास, दुपारचे जेवण आणि मुलांना सांभाळायला ठेवण्याचा जादा खर्च यांची स्वतंत्र नोंद करायची होती आणि बुडालेल्या पगाराचा दाखला तिच्या मालकाने भरून द्यायचा होता. त्या वेळी पहिल्या दहा दिवसांसाठी पगार आणि मुलांचा खर्च मिळून दिवसाला ६४.९५ पौंड ही कमाल मर्यादा होती. तिचा रोजचा पगार त्याहून जास्त असल्यामुळे तिलाही पदरमोड करावी लागली आणि तिथले नोकरदार आईबाप याबद्दल कुरकुर करतात, असे ती सांगते. तिची कुरकुर ऐकताना मला मात्र त्या अर्जातल्या एकाच गोष्टीचा हेवा वाटला: मुलांना सांभाळण्याचा खर्च, असे त्यात छापलेले होते.

आपल्याकडे ज्यूरी राहिलेली नाही. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवणारी आणि १९५९ मध्ये खुनाच्या खटल्यात नौदल अधिकारी नानावटींना आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवणारी अशा दोन ज्यूरी मुंबईकरांच्या स्मरणात आहेत. पारशी विवाहविषयक खटल्यांत न्यायाधीशांना साहाय्य करणारे पाच प्रतिनिधी एवढाच त्या पद्धतीसारखा अवशेष उरला आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत विशेष ज्यूरीची यादी करताना माणसाची मालमत्ता, चारित्र्य आणि शिक्षण पाहावे असे म्हटले होते; म्हणजे चार दिवस कामधंदा सोडणे ज्यांना परवडेल अशांनाच सरकार त्या बाकावर बसवत असे. साक्षीदार अशा यादीतून निवडला जात नाही. गुन्हा किंवा अपघात घडताना जो तेथे उभा असतो तो साक्षीदार, आणि सकाळी सव्वासातला मुंबईच्या रस्त्यावर उभी असणारी माणसे बहुतेक कामाला निघालेली, रोजावर पगार घेणारी आणि मुलांना कोणाच्या तरी स्वाधीन करून आलेली असतात. न्यायालयाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या भाजीविक्रेत्या मावशी एका चोरीच्या पंचनाम्यावर पंच होत्या. त्यांनी पाटी सकाळी जावेच्या स्वाधीन केली होती आणि अकरापासून त्या दर अर्ध्या तासाने तिला फोन करून कोथिंबिरीवर पाणी मारायला सांगत होत्या. दुपारी तीन वाजता त्यांनाही तारीख मिळाली.

नोकरी सरकारी असती तर यातले बरेचसे टळले असते. स्वतःचा हितसंबंध नसलेल्या खटल्यात साक्षीला बोलावलेल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यासाठी विशेष किरकोळ रजेची सोय आहे. खासगी आणि कंत्राटी नोकरदारांसाठी तशी तरतूद करणे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये, कारण मतदानाच्या दिवसासाठी ती केलेली आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब नुसार मतदानाच्या दिवशी कोणत्याही आस्थापनेतील मतदाराला, अगदी रोजंदारीवरील कामगारालाही, भरपगारी सुट्टी द्यावी लागते. मतदान करायचे की नाही हे माझ्या मर्जीवर असते आणि त्या दिवसाचा पगार कापला जात नाही. समन्स मर्जीवर नसते आणि त्या दिवसाचा पगार कापला जातो.

आमच्या लॅबचे मालक काही मोठे उद्योगपती नाहीत. आम्ही आठ जण काम करतो आणि मी नसले की सकाळच्या उपाशीपोटीच्या नमुन्यांची रांग दुप्पट वेळ उभी राहते. न्यायालयाच्या दिरंगाईचा भार अशा छोट्या मालकावर टाकणे हे मला पटत नाही. म्हणूनच साक्षीच्या दिवसाची रजा मालकाने द्यावी आणि ठरावीक आकारापेक्षा लहान आस्थापनांना त्या दिवसाचा पगार सरकारने परत करावा, असे मला वाटते. साक्षीदाराला पैसे दिले तर तो विकत घेतल्यासारखा दिसेल, असा आक्षेप मी ऐकला आहे. पण न्यायालयाने ठरलेल्या दराने, पावती देऊन, साक्ष कोणाच्या बाजूने होते याच्याशी काही संबंध न ठेवता दिलेला हजेरीचा खर्च आणि कोणी जिन्याखाली खिशात कोंबलेले पाकीट यांतला फरक कोणालाही कळतो. उलट, दर तारखेला दीड हजाराला मुकणाऱ्या माणसाला त्या पाकिटाचा मोह अधिक पडेल, असे मला वाटते. फितूर साक्षीदारांवर बरीच चर्चा होते आणि तिच्यात भीती व लाच यांचा उल्लेख असतो. केवळ कंटाळून, ‘आता नीट आठवत नाही’ असे सांगून सुटका करून घेणाऱ्याची नोंद कोठे होते, मला माहीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००० मधील स्वर्ण सिंह प्रकरणात साक्षीदाराला वारंवार हेलपाटे घालायला लावण्याच्या प्रथेबद्दल आणि त्याला साधा भत्ताही वेळेवर मिळत नाही याबद्दल कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली होती. फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवणाऱ्या न्या. मलिमथ समितीच्या २००३ च्या अहवालातही साक्षीदारांना मानाने वागवण्याचा आणि त्यांच्या भत्त्यांचा विषय होता. साक्षीदार हजर असताना त्याची साक्ष न घेता खटला तहकूब करायचा तर विशेष कारण लेखी नोंदवावे लागते, हा नियम २०२४ पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ मध्ये कायम आहे. तहकुबी मागणाऱ्या पक्षाला खर्च भरायला लावण्याचा अधिकारही तेथेच आहे. आरोपीचे वकील आले नाहीत म्हणून मला परत पाठवले त्या दिवशी हा अधिकार वापरून साडेसातशे रुपये मला देववले असते, तर पुढच्या तारखेला वकील वेळेवर आले असते, असे मानायला जागा आहे.

राज्याच्या विधी व न्याय विभागाने काही अगदी साध्या गोष्टी तरी तातडीने कराव्यात. साक्षीदाराने अर्ज न करता हजेरीच्या दिवशीच ठरावीक दराने भत्ता त्याच्या बँक खात्यात जमा व्हावा, तो दर राज्याच्या किमान वेतनाशी जोडावा आणि लहान मुले असणाऱ्यांना पाळणाघराचा जादा खर्च त्यात मागता यावा. न्यायाधीश रजेवर असतील किंवा वकील येणार नसतील, तर आदल्या संध्याकाळी मोबाइलवर संदेश यावा. खटल्यांच्या तारखा ऑनलाइन दिसतातच, तेव्हा समन्सवर लिहून घेतलेल्या क्रमांकावर दोन ओळी पाठवणे फार मोठे काम नसावे. आणि मागितल्याशिवाय, शिक्का मारलेला हजेरीचा दाखला प्रत्येक साक्षीदाराच्या हातात पडावा. तिसऱ्या तारखेला तो मिळवण्यासाठी मला पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत थांबावे लागले आणि घरी पोहोचले तेव्हा धाकटा काकूंच्या ओट्यावर चपला घालून झोपलेला होता.

माझी उलटतपासणी पुढच्या महिन्यात आहे. या वेळी मी खर्चाचा अर्ज लिहून नेणार आहे, सोबत पगाराची पावती आणि पाळणाघराच्या काकूंनी वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशेब जोडणार आहे. तो मंजूर झाला तर त्या आदेशाची एक प्रत सुपरवायझरना देईन. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचे ते त्यांना तरी कळेल.

आपली नम्र,
एक नोकरदार आई
भांडुप (पश्चिम), मुंबई