‘हक्क मूळ मालकाचे’ एवढे लिहिल्याने चाहत्यांची सुटका होत नाही

महोदय,

आवडत्या चित्रपटांतील, कादंबऱ्यांतील किंवा कॉमिकमधील पात्रांवर चाहत्यांनी रचलेल्या कथा, काढलेली चित्रे आणि बनवलेले लघुपट यांतून पैसे मिळवणे गेल्या काही वर्षांत फारच सोपे झाले आहे. अपलोड केलेले चित्र टी-शर्टवर किंवा मोबाइलच्या कव्हरवर छापून विकणारी संकेतस्थळे आहेत, दरमहा वर्गणी भरणारे वाचक आहेत आणि फर्माईशीनुसार पात्रे रेखाटून ‘कमिशन’ घेणारे चित्रकारही आहेत. या कमाईचे कौतुक अधूनमधून छापून येते. तिच्यातील कायदेशीर जोखमीवर मात्र क्वचितच कोणी लिहिते, म्हणून हा पत्रप्रपंच.

‘सर्व हक्क मूळ निर्मात्याचे, स्वामित्वहक्काचा (कॉपीराइटचा) भंग करण्याचा हेतू नाही’ अशी एक ओळ वर्णनात टाकली की आपण सुरक्षित झालो, असे पुष्कळ चाहते समजतात. बचाव म्हणून ही ओळ निरुपयोगी तर आहेच, शिवाय ती विकणाऱ्याच्याच अंगाशी येऊ शकते. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेला हक्कभंग हा फौजदारी गुन्हा आहे, आणि हक्क दुसऱ्याचे आहेत हे आपल्याला माहीत होते याची लेखी कबुली या ओळीने आपण होऊनच दिलेली असते. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. मात्र त्याच कलमात एक सवलतही आहे: हक्कभंग धंद्यातील लाभासाठी झालेला नसेल, तर न्यायालयाला कारणे नोंदवून किमान मर्यादेहून कमी शिक्षा देता येते. हौसेखातर काम करणाऱ्यासाठी कायद्याने ठेवलेली ही फट विक्रीचे दुकान मांडणाऱ्याला उपयोगी पडत नाही. अर्थात चाहत्यांच्या बाबतीत गोष्टी सहसा इतक्या थराला जात नाहीत आणि नोटीस, काम हटवणे एवढ्यावर प्रकरण मिटते. पण मिटवायचे की नाही हे ठरवणे समोरच्याच्या हाती असते.

फुकट वाटले म्हणजे सगळे माफ, असेही नाही. प्रती काढण्याचा आणि रूपांतर करण्याचा हक्क मूळ मालकाचाच असतो, मग त्यातून कोणी पैसा मिळवो वा न मिळवो. पैसा आला की मालकाचे लक्ष वेधले जाते आणि नुकसानभरपाईची मागणी करायला त्याच्या हाती एक आकडा लागतो, शिक्षेतील वरील सवलत सोडली तर मुख्य फरक एवढाच. ‘आम्ही फक्त खर्च वसूल केला’ हा युक्तिवाद तर फारच तोकडा आहे. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेच्या चाहत्यांनी क्राउडफंडिंगमधून (ऑनलाइन लोकवर्गणीतून) दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभारून चित्रपट करायला घेतला, तेव्हा तो पूर्ण होण्याआधीच, २०१५ च्या डिसेंबरमध्ये, पॅरामाउंट आणि सीबीएस या हक्कधारक कंपन्यांनी दावा दाखल केला. जानेवारी २०१७ मध्ये न्यायाधीशांनी ‘फेअर यूज’चा, म्हणजे परवानगीविना केलेल्या रास्त वापराचा, बचाव फेटाळला आणि त्याच महिन्यात तडजोड झाली. दरम्यान, २०१६ मध्येच या कंपन्यांनी चाहत्यांच्या लघुपटांसाठी नियमावली जाहीर केली होती: एक भाग १५ मिनिटांचा, असे फार तर दोन भाग, आणि उभारलेला निधी ५० हजार डॉलरच्या आत.

जपानचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे चाहत्यांच्या स्वयंप्रकाशित कॉमिकचा, म्हणजे ‘दोजिनशी’चा, मेळावा १९७५ पासून भरतो, विक्री उघडपणे होते आणि प्रकाशक सहसा डोळेझाक करतात. तरीही ‘डोरेमॉन’चा शेवट कल्पून एका चाहत्याने काढलेल्या पुस्तिकेच्या हजारो प्रती खपल्या, तेव्हा हक्कधारकांनी आक्षेप घेतला आणि २००७ मध्ये त्याला मिळकतीचा काही भाग त्यांच्याकडे भरावा लागला. डोळेझाक ही परवानगी नसते. ज्याने ती केली, तो ती केव्हाही थांबवू शकतो.

कायद्याच्या पुस्तकापेक्षाही ज्याच्याकडे अधिक दुर्लक्ष होते, तो म्हणजे विक्रीच्या संकेतस्थळाशी झालेला करार. चित्र चढवताना एका चौकटीत टिक करावी लागते आणि ‘या कलाकृतीचे सर्व आवश्यक हक्क माझ्याकडे आहेत’ हे आपण तेथेच मान्य करतो. बहुधा त्याच्याच खाली दुसरे कलम असते: तिसऱ्या पक्षाने दावा केल्यास संकेतस्थळाला होणारा खर्च आणि भरपाई विक्रेत्याने भरून द्यावी. म्हणजे छापणारी, पाठवणारी आणि विक्रीतला आपला वाटा कापून घेणारी कंपनी हक्कभंगाचे ओझे मात्र चित्रकाराच्या डोक्यावर ठेवते. तक्रार येऊन चित्र हटवले गेले आणि ते अमेरिकी कंपनीच्या संकेतस्थळावर असले, तर ते परत लावून घेण्यासाठी प्रतिनोटीस देता येते खरी. पण तिच्यात खोट्या साक्षीच्या शिक्षेचे भान ठेवून निवेदन करावे लागते आणि अमेरिकी संघीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते. रागाच्या भरात असा अर्ज भरणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

चाहत्याने स्वतः घातलेली भर तरी त्याची राहते का? तेही सांगता येत नाही. ‘रॉकी’ चित्रमालिकेतील पात्रे घेऊन पुढच्या भागाची रूपरेषा परवानगीविना लिहिणाऱ्या एका लेखकाने, आपली कल्पना चित्रपटात वापरली म्हणून त्या चित्रपटांचे नायक-लेखक सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांच्यावर दावा लावला होता. १९८९ मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्याच्याच लेखनाला हक्कभंग ठरवले आणि त्यातील कोणत्याही भागाला संरक्षण नाकारले. तेव्हा आपले चित्र उचलून तिसऱ्याच माणसाने विकायला काढले, तर त्याला रोखण्याची चाहत्याची बाजू लंगडीच राहते.

पैसे घेतले म्हणजे प्रत्येक बचाव संपला, असे मी म्हणत नाही. विडंबन व्यापारी असले तरी ते रास्त वापरात बसू शकते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये म्हटले आहे. त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी एका छायाचित्रावरून केलेल्या चित्राच्या प्रकरणात, मूळ छायाचित्र ज्या कामासाठी विकले जाते त्याच कामासाठी नवे चित्र परवान्याने दिले गेले, ही बाब वॉरहॉल यांच्या प्रतिष्ठानाच्या विरोधात मोजली. केवळ शैली बदलली, यावर विसंबून राहणाऱ्या चित्रकारांनी हा दुसरा निकाल ध्यानात ठेवावा. मुदत संपलेल्या कृती अर्थातच मोकळ्या आहेत, पण तेथेही डोळे उघडे हवेत: मिकी माऊसचे १९२८ चे रूप १ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत खुले झाले असले, तरी त्याची नंतरची अनेक रूपे आणि ट्रेडमार्क अद्याप डिस्नेकडेच आहेत.

ज्यांना कमाई करायचीच आहे, त्यांनी हक्कधारकाने चाहत्यांसाठी धोरण जाहीर केले आहे का, हे आधी पाहावे आणि असल्यास त्याची तारखेसह प्रत जपून ठेवावी, कारण अशी धोरणे बदलतात. धोरण नसेल तर लेखी परवाना मागावा. भारतीय कायद्यानुसार परवाना लेखीच लागतो. लेखकाने आपले चित्र पसंत केले, त्याखाली दोन गोड शब्द लिहिले, याला परवाना म्हणत नाहीत. शिवाय परवाना देण्याचा हक्क त्या लेखकाकडे उरलेला असेलच असेही नाही. चित्रपटाचे हक्क एका कंपनीकडे आणि वस्तूंवर छापण्याचे हक्क दुसरीकडे, अशी वाटणी सर्रास झालेली असते. त्यामुळे परवानगी कोणाकडे मागायची, हे शोधण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

आपला,
एक वाचक